घरच्या घरी हुशार मूल : नवशिक्या पालकांसाठी पायरीपायरीनं

सुरुवात करण्यापूर्वी

अभिनंदन! तुमच्या घरात मूल आहे. ते चालतं, बोलतं, भंडावून सोडतं आणि वरणभात अंगावर सांडतं. एवढ्यावर समाधान मानणारे पालकही असतात. ही मार्गदर्शिका त्यांच्यासाठी नाही. ज्यांना आपल्या मुलाबद्दल एका शब्दात सांगता आलं पाहिजे, त्यांच्यासाठी ती आहे. लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये आणि पालकसभेच्या रांगेत कुणीही एका शब्दापेक्षा जास्त ऐकून घेत नाही.

एक गैरसमज आधीच दूर करू. मूल हुशार होणं आणि मूल हुशार ठरणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला वीसेक वर्षं लागतात आणि फळाची खात्री नसते. दुसरं एका संध्याकाळी उरकतं. आपण दुसरं शिकणार आहोत. पूर्वानुभवाची गरज नाही, मुलाच्या संमतीचीही नाही.

साहित्य

मूल, एक. (दोन असल्यास पायरी पाचवी आधी वाचावी.)

पाहुणे, किमान चार. त्यांतले एखादे अमेरिकेहून सुट्टीवर आलेले असल्यास उत्तम.

आजी किंवा आजोबा, "आमच्या घराण्यातच आहे ते" हे वाक्य वेळेवर टाकण्यासाठी. सुनेच्या माहेरच्यांना हे वाक्य लागू नाही.

एक भिंत, प्रमाणपत्रं लावायला. दारातून आत येणाऱ्याची नजर आधी तिच्यावर पडली पाहिजे.

कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप.

तुलनेसाठी एक चुलतभाऊ. त्याला विचारायची गरज नाही.

पायरी पहिली : लक्षणं ओळखा

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. दिसतात सगळ्यांचेच, कुणाचे बघायचे एवढंच आपल्या हातात असतं. अडीच वर्षांचं मूल मोबाइल उघडून स्वतःचा आवडता व्हिडिओ लावतं, रस्त्यावरच्या गाड्यांच्या कंपन्या सांगतं, एकदा ऐकलेली जाहिरात पुन्हा म्हणून दाखवतं. या वयाच्या पुष्कळ मुलांना हे येतं, पण ती आपल्या घरात राहत नाहीत. ती बाब निर्धास्तपणे विसरावी.

मूल पहिलीत गेलं की जन्मतारीख मदतीला येते. एकाच वर्गातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान मुलात जवळपास वर्षभराचं अंतर असतं. सहाव्या वर्षी हे अंतर म्हणजे आतापर्यंतच्या आयुष्याचा सहावा हिस्सा. मोठं मूल पेन्सिल नीट धरतं, जागेवर बसतं, बाईंचं वाक्य शेवटपर्यंत ऐकतं आणि 'चुणचुणीत' ठरतं. लहान मूल खिडकीबाहेर बघतं आणि 'जरा मागे' पडतं. हुशार म्हणून निवडलेल्या मुलांत वर्गातल्या वयानं मोठ्या मुलांचा भरणा जास्त असतो, असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासकांना आढळलं आहे. तुमचं मूल प्रवेशाच्या तारखेनं काही दिवसांसाठी मागे राहिलेलं असेल, तर ही पायरी तुमच्याकडून आपोआप पार पडली आहे.

पायरी दुसरी : प्रात्यक्षिक

पाहुणे चपला काढत असतानाच मुलाला बाहेरच्या खोलीत आणावं. "म्हणून दाखव" ही आज्ञा. क्रम असा : आधी मनाचे श्लोक, मग देशांच्या राजधान्या, शेवटी पाढे. "एकोणतीस सत्ते?" असं मध्येच विचारावं. उत्तर आल्यावर पाहुण्यांकडे न बघता पंख्याचा वेग कमी करावा. हा विनय पाहुण्यांच्या लक्षात राहतो.

प्रात्यक्षिकाचा एकच नियम आहे : प्रश्न मोठ्यांनी विचारायचे, मुलानं नाही. मंगोलियाची राजधानी उलानबाटर हे सांगून झाल्यावर मुलानं "पण राजधानी म्हणजे काय?" असं विचारलंच, तर विषय बदलावा आणि पोहे आणावेत.

पंधरा-वीस प्रयोगांनंतर मूल तीन गोष्टी शिकतं. प्रश्नांची उत्तरं मोठ्यांना आधीच ठाऊक असतात. उत्तर लगेच आलं तर सगळ्यांचे चेहरे फुलतात. उत्तर आलं नाही तर खोलीत एक क्षण कुणी काही बोलत नाही. तिसरी गोष्ट ते सगळ्यात जास्त काळ लक्षात ठेवतं.

पायरी तिसरी : आकडा मिळवा

शब्दाला आकड्याची जोड असावी. यासाठी बुद्धिमापन चाचणीचा इतिहास थोडा वगळून वाचावा लागेल. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली उपयोगी चाचणी बांधली. शाळेत कुठल्या मुलांना जादा मदत लागणार आहे ते शोधायचं आणि ती मदत द्यायची, असा तिचा हेतू होता. बुद्धी जन्मतःच ठरून जाते आणि पुढे तसूभरही हलत नाही, ही समजूत बिनेंना मान्य नव्हती. १९०९ च्या पुस्तकात त्यांनी तिच्यावर कडक टीका केली. १९११ मध्ये ते वारले. १९१६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुइस टर्मन यांनी त्याच चाचणीची नवी आवृत्ती काढली आणि मागे पडणाऱ्यांसाठी केलेलं साधन पुढच्यांना मुकुट घालायला वापरात आलं. आपल्याला मदत नको, मुकुट हवा आहे. म्हणून बिने वगळून थेट टर्मनपासून सुरुवात करावी.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांना एवढंही करावं लागत नाही. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद शिष्यवृत्ती परीक्षा घेते, तिला मुलाला 'बसवावं'. ही परीक्षा आधी चौथीला आणि सातवीला होती; २०१६-१७ मध्ये ती पाचवीला आणि आठवीला नेली, म्हणजे राज्यभरातली हुशारी शासन निर्णयानं एक वर्ष पुढे ढकलली गेली. तिच्यात 'बुद्धिमत्ता चाचणी' हा शंभर गुणांचा स्वतंत्र विषय असतो. त्यासाठी शाळेआधी जादा तास, शाळेनंतर क्लास आणि रविवारी सराव प्रश्नपत्रिका लावावी. बुद्धी उपजत असेल तर सकाळी सातचा क्लास कशाला, आणि क्लासनं ती वाढत असेल तर ती उपजत कशी, असा प्रश्न एखादा नतद्रष्ट काका विचारेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मानता येणं ही पालकांची बुद्धिमत्ता चाचणी आहे. तिच्यात बहुतेक सगळे उत्तीर्ण होतात.

हौशी मंडळींसाठी बाजारात आणखी दोन सोयी आहेत. एक, बोटांचे ठसे घेऊन मुलाचा कल आणि बुद्धी सांगणारा अहवाल. दोन, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारं शिबिर. दोन्हींना शास्त्राचा आधार नाही. पट्टीच्या खालून, नाकाच्या कडेनं दिसतं. मुलाला हे पहिल्याच दिवशी कळतं; पालकांना, फी भरलेली असल्यामुळे, कळत नाही. हुशार ठरलेलं राहायचं असेल तर काय करावं लागतं, याचा पहिला धडा मुलाला तिथे मिळतो.

पायरी चौथी : योग्य वाक्य, योग्य वेळी

सगळं काम वाक्यांनी होतं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग यासाठी पाठच करावेत. पाचवीतल्या मुलांना कोडी दिली. सोडवून झाल्यावर काही मुलांना सांगितलं, तू यात हुशार असणार. काहींना सांगितलं, तू बरीच मेहनत घेतली असणार. फरक एका वाक्याचा. पुढचं काम निवडायची वेळ आली तेव्हा 'हुशार' मुलांपैकी बहुतेकांनी जमेल असंच काम मागितलं. 'मेहनत' ऐकलेल्यांपैकी बहुतेकांनी शिकायला मिळेल असं. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यानंतर पुन्हा पहिल्याइतकी सोपी दिली, तेव्हा हुशार ठरलेली मुलं आधीपेक्षा खाली घसरली आणि दुसरी वर गेली. शेवटी, दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलासाठी आपले गुण कागदावर लिहायला सांगितले. हुशार ठरलेल्या दहा मुलांपैकी जवळपास चौघांनी ते वाढवून लिहिले.

म्हणजे एका वाक्यात एवढं होतं. आपल्याकडे वाक्यांना तोटा नाही. "हिला सांगावं लागत नाही." "एकपाठी आहे." "गणित तर रक्तातच आहे." या सगळ्यांत राजवाक्य एकच : "काही अभ्यास न करता पंच्याण्णव पडले!" ते मुलाच्या देखत, थोडी तक्रार केल्याच्या सुरात म्हणावं. अभ्यास न करता मिळालेले गुण हा हुशारीचा पुरावा असेल, तर अभ्यास करताना सापडणं हा तिच्याविरुद्धचा पुरावा होतो. एवढा तर्क दहा वर्षांच्या मुलाला येतो. हुशार आहे ना ते. तिथून पुढे ते एकतर लपून अभ्यास करतं किंवा सोडून देतं.

पायरी पाचवी : दुसऱ्या मुलाची व्यवस्था

घरात हुशारीची जागा एकच असते, ती भरलेली आहे. धाकटीला दुसरं काहीतरी नेमून द्यावं. "ही मेहनती आहे हो." "हिला चित्रकलेची आवड." "ही व्यवहारात बघा कशी तरबेज." ही वाक्यं ऐकायला स्तुतीसारखी लागतात, ऐकणाऱ्याला मात्र बरोबर कळतं की जागा गेली. थोरल्याला कोडं सुटलं की डोकं, धाकटीला सुटलं की घोकंपट्टी किंवा नशीब, असा हिशोब ठेवावा. धाकटी दहावीत त्याच्यापेक्षा जास्त गुण घेऊन आली तर "यंदा पेपर सोपे होते" असं म्हणण्याची तयारी आधीपासून असू द्यावी.

शाळा हेच काम मोठ्या प्रमाणावर करते. गुणांनुसार पाडलेल्या अ, ब, क, ड तुकड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना समजावून सांगायला नको. 'ड'च्या वर्गावर जाताना मास्तरांची चालसुद्धा बदलते. रॉबर्ट रोझेंथल आणि लिनोर जेकबसन यांनी १९६८ मध्ये एका पुस्तकात कॅलिफोर्नियातल्या प्राथमिक शाळेचा प्रयोग सांगितला आहे. शिक्षकांना काही मुलांची नावं देऊन सांगितलं की ही यंदा फुलणार आहेत. नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, कशीही काढलेली होती. वर्षअखेर पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचे चाचणीतले गुण इतरांपेक्षा जास्त वाढलेले दिसले. परिणाम खरोखर केवढा होता यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण यादी वाचल्यावर शिक्षक कुणाच्या उत्तरासाठी थांबतात आणि कुणाला "बस खाली" म्हणतात, हे कुठल्याही वर्गात मागच्या बाकावर बसून बघता येतं. यादीत नसलेल्यांसाठी वेगळी चिठ्ठी लिहावी लागत नाही. बरणीवर 'साखर' लिहिलं की शेजारच्या बरणीत ती नाही हे न लिहिताच ठरतं.

पायरी सहावी : सत्कार

ज्ञातिसंस्था, पतसंस्था, गृहनिर्माण संस्था आणि नगरसेवक यांपैकी किमान दोन ठिकाणी मार्कलिस्टची झेरॉक्स द्यावी. गुलाबाचं फूल, स्मृतिचिन्ह आणि अध्यक्षांचं चाळीस मिनिटांचं भाषण मिळेल. क्लासच्या फ्लेक्सवर फोटो येईल, तो चौकात पुढच्या वर्षीच्या निकालापर्यंत राहील. मूल सायकलवरून त्याखालून रोज जाईल. स्वतःच्याच एवढ्या मोठ्या चेहऱ्याखालून रोज जाणाऱ्याला, आज वर्गात आपल्याला काही कळलं नाही हे घरी कसं सांगायचं, असा प्रश्न पडू शकतो. तो त्यानं मनात ठेवावा.

बिघाड व उपाय

*लक्षण :* बुद्धिबळात पहिल्यांदा हरल्यावर "मला बुद्धिबळ आवडतच नाही" असं म्हणतो.
*उपाय :* आवड नसेल असं समजून पट माळ्यावर ठेवावा. पेटी, पोहणं आणि तबला यांसाठीही माळ्यावर जागा करून ठेवावी.

*लक्षण :* जिथे पहिल्या दिवसापासून पहिला येणार नाही, तिथे जात नाही.
*कारण :* त्याला नवशिका असण्याची सवय नाही. ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी असली तरी ती त्याच्यासाठी नव्हती.

*लक्षण :* प्रत्येक चूक 'सिली मिस्टेक' असते.
*उपाय :* तसंच म्हणत राहावं. चूक समजुतीतली आहे असं एकदा मान्य केलं की ती समजून घ्यावी लागते.

*लक्षण :* नववीच्या भूमितीत अडतो, पण बाईंना विचारत नाही.
*कारण :* विचारलं तर वर्गाला कळेल. आजवर जे न विचारता आलं त्यालाच हुशारी म्हटलं गेलं आहे.

*लक्षण :* तालुक्याच्या शाळेत पहिला आलेला मुलगा अकरावीला पुण्यात येतो. वासरात लंगडी गाय शहाणी, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. इथे प्रत्येक बाकावर कुठल्या ना कुठल्या शाळेतला पहिला बसलेला आहे. पहिल्या चाचणीनंतर तो घरी फोन कमी करतो. दुसरीनंतर उचलत नाही.
*उपाय :* या मार्गदर्शिकेत नाही. गाडी पकडून त्याच्याकडे जावं, गुणांचं नाव काढू नये, जेवायला न्यावं. तो झोपत नसेल, खात नसेल, जगण्याबद्दल काही वेगळं बोलत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मूल हुशार आहे, आपोआप सावरेल, हे वाक्य इथे वापरण्यास सक्त मनाई आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*अशी ठरवलेली मुलं पुढे खरोखर मोठी होतात का?*

टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातली उच्च बुद्ध्यंकाची सुमारे दीड हजार मुलं निवडली आणि त्यांच्या आयुष्याचा माग ठेवला. त्यांच्यापैकी बरेचजण चांगले शिकले, चांगल्या नोकऱ्यांना लागले. प्राध्यापक, वकील, डॉक्टर झाले. नोबेल मात्र एकालाही मिळालं नाही. लहानपणी तीच चाचणी देऊन निवडीबाहेर राहिलेल्यांत विल्यम शॉक्ली आणि लुइस अल्व्हारेझ हे दोघे होते. त्यांना ते मिळालं, शॉक्लींना १९५६ मध्ये आणि अल्व्हारेझना १९६८ मध्ये. मार्गदर्शिका छापताना हा भाग गाळावा.

*एखादं प्रेरणादायी उदाहरण?*

दोन देतो, एकाच वर्षाची. १९०९ मध्ये हार्वर्डमध्ये विल्यम सायडिस हा अकरा वर्षांचा मुलगा दाखल झाला. त्याच वर्षी नॉर्बर्ट वीनर तिथेच पदव्युत्तर शिक्षणाला आला. तो चौदा वर्षांचा होता. दोघांच्याही वडिलांनी आपली शिक्षणपद्धती जगाला सांगितली. सायडिसनं पुढच्या वर्षी गणितज्ञांसमोर चार मितींवर व्याख्यान दिलं आणि वर्तमानपत्रांनी त्याला उचलून धरलं. मोठेपणी तो हिशोबनिसाच्या किरकोळ नोकऱ्या करत राहिला. कुणी ओळखलं की नोकरी सोडायचा. ट्रामच्या बदली तिकिटांचा संग्रह हा त्याचा छंद होता. १९३७ मध्ये 'न्यूयॉर्कर'नं त्याला शोधून काढून लेख छापला. मला एकटं राहू द्या, म्हणून तो कोर्टात गेला आणि हरला. १९४४ मध्ये, छेचाळिसाव्या वर्षी, तो गेला.

वीनर नावाजलेला गणितज्ञ झाला, सायबरनेटिक्सचा जनक. म्हणजे प्रयोग यशस्वी. पण मुलगा मुळात साधाच आहे, कमाल माझ्या शिकवण्याची आहे, असं वडिलांनी छापून आणलं होतं. ते वाचून आपल्यावर काय परिणाम झाला हे त्यानं १९५३ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं : यश मिळालं तर ते वडिलांचं, अपयश आलं तर तेवढं मात्र आपलं. जगन्मान्य झाल्यावरही हा हिशोब त्याच्या डोक्यातून गेला नव्हता.

*पण आमची मुलगी खरोखरच पुढे आहे. तिला वर्गात कंटाळा येतो. मग?*

अशी मुलं असतात, आणि त्यांना 'सगळी मुलं सारखीच' म्हणून वर्गात जांभया देत बसवणं हाही अन्याय आहे. तिला अवघड गणितं द्या, जाड पुस्तकं द्या, एखाद्या विषयात वरच्या वर्गाबरोबर बसू द्या. तिच्याहून जास्त जाणणाऱ्या माणसाशी गाठ घालून द्या, म्हणजे तिला हरायला मिळेल. पुण्यात १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांसाठीच, आणि बुद्धी समाजाच्या कामी आली पाहिजे हे सूत्र धरून. तिथली निवड कुणाला पटो न पटो, निवडलेल्याकडून पुढे काहीतरी घडलं पाहिजे हा आग्रह त्यात आहे. आपल्या मार्गदर्शिकेत निवड झाली की काम संपतं. मुलीला जे लागतं ते सगळं तिच्याबद्दल एकही विशेषण न वापरता देता येतं. फक्त मग पाहुण्यांना सांगायला काही उरत नाही.

*आता यापुढे स्तुती मेहनतीचीच करू. चालेल?*

करावी, पण सूत्र म्हणून नाही. दर अर्ध्या तासाला "किती मेहनत घेतलीस!" ऐकणाऱ्या मुलीला तीही नवी चिठ्ठीच वाटते. बुद्धी मेहनतीनं वाढते असं शिकवणारे कार्यक्रम पुढे मोठ्या प्रमाणावर शाळांत राबवून पाहिले, तेव्हा त्यांचा सरासरी लाभ लहानच निघाला. त्यापेक्षा तिनं काय केलं ते बघावं आणि त्याबद्दल बोलावं. ही आकृती तू उलटी का केलीस? इथे कुठे अडलीस? यासाठी वहीत डोकं घालावं लागतं. वेळ जातो. "हुशार आहेस" म्हणायला एक सेकंद पुरतो, म्हणूनच ते इतकं लोकप्रिय आहे.

*लावलेली चिठ्ठी काढता येते का?*

येते, पण मुलानं काढायची नसते. ज्यानं लावली त्यानं काढायची असते. महिनाभर कुणाही पाहुण्यासमोर मुलाकडून काही म्हणून घेऊ नये. त्याच्या देखत त्याच्याबद्दल बोलू नये, चांगलंही नाही. घरातल्या मोठ्यांपैकी एकानं, आयुष्यात कधी न जमलेली एक गोष्ट मुलासमोर शिकायला घ्यावी आणि ती बराच काळ वाईट करावी. आईनं स्कूटर, बाबांनी भाकरी. पहिल्या काही भाकऱ्या मुलानं हसत खाल्ल्या की उपचार लागू पडतोय असं समजावं. काही आठवड्यांनी ते वही घेऊन येईल आणि "हे मला कळत नाहीये" असं म्हणेल. आनंदानं ओरडू नये, ग्रुपवर टाकू नये. तुम्हालाही कळत नसेल तर तसं सांगावं आणि शेजारी बसावं.

आणि इतकं करूनही शेजारच्या काकूंनी दारातच "यंदा किती टक्के?" असं विचारलं, तर जेवढे असतील तेवढे सांगून त्यांना आत चहाला बोलवावं.